पिल्लू कुंथतंय, पण पोट खरंच अडलंय का?

पत्र थोडक्यात: जिन्याखाली मांजरीची दोन पिल्लं सापडली. दिवसभर वाट पाहूनही आई परतली नाही, म्हणून या वाचक ताईंनी ती घरात घेतली. डोळे उघडलेले, पुढचे बारीक दात नुकतेच टोचू लागलेले, वजन ३०० ग्रॅमच्या जरा मागेपुढे. म्हणजे वय तीन आठवड्यांच्या आसपास. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारं पावडरचं दूध ताई बाटलीने पाजतात. ठिपक्यांचं पिल्लू मजेत आहे, आपणहून शू-शीच्या ट्रेमध्ये जायलाही लागलं आहे. काळ्या पिल्लाने मात्र दोन दिवस शी केलेली नाही. ते पाठ वाकवून कुंथतं, बारीक ओरडतं आणि दूध प्यायलं की त्याचं पोट चेंडूसारखं होतं. पिल्लांनी लवकर अंग धरावं म्हणून ताईंनी दूध थोडं दाट कालवायला सुरुवात केली होती. पोट अडलंय असं वाटल्यावर काळ्याचं दूध निम्म्यावर आणलं. घरातून कुणी एरंडेल द्यायला सांगतं, कुणी एनिमा सुचवतं, कुणी म्हणतं निसर्गावर सोड. ताई विचारतात, “इतक्याशा जिवाला डॉक्टरकडे नेणं जास्तीचं होईल का? आणि हे सगळं माझ्याच हातून चुकल्यामुळे झालं का?”

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी चार ओळी तुम्हाला कळवल्या होत्या, कारण तीन आठवड्यांच्या पिल्लाला सदर छापून येईपर्यंत थांबवता येत नाही. त्याच ओळी इथेही सगळ्यात आधी लिहिते. अशाच काळजीने रात्री अडीच वाजता जागं राहून हे वाचणारं कुणीतरी असेलच.

पिल्लू हातात घ्या. त्याचं अंग, पंजे, तोंडाची आतली बाजू गार लागते का? दूध नको म्हणतंय का? उलटी झाली का? मान टाकून मलूल पडलंय का? दूध पिऊन बराच वेळ झाला तरी पोट टणक, ताणलेलं आहे आणि हात लावला की ते ओरडतं, असं आहे का? शीमध्ये रक्त दिसलं का? गेल्या १२ तासांत शूसुद्धा झालेली नाही, असं आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर घरगुती उपायांचा विचार सोडा. पिल्लाला मऊ कापडात गुंडाळून, ऊब देत प्राण्यांच्या डॉक्टरांकडे निघा. हे वाचणं नंतर होईल.

तुमचं काळं पिल्लू यात बसत नव्हतं. ते दूध मागत होतं, अंगाला ऊब होती, शू होत होती. म्हणून तुम्हाला काही तास हाताशी होते, आणि त्या काही तासांत काय करायचं ते कळवता आलं. आता सविस्तर बोलू.

मला सगळ्यात आधी पडलेला प्रश्न कदाचित विचित्र वाटेल. दोन दिवस शी झालेली नाही, हे तुम्हाला कसं कळलं? दोन्ही पिल्लं एकाच खोक्यात झोपतात, एकाच ट्रेमध्ये बागडतात. सकाळी ट्रेमध्ये जे दिसतं ते ठिपक्याचंच आहे, असं आपण धरून चालतो, कारण ठिपक्याला आपण तिथे बसलेलं पाहिलेलं असतं. एकापेक्षा जास्त पिल्लं असली की हा घोळ फार सहज होतो. त्यावर उपाय सोपा आहे. एक दिवस दोघांची झोपायची जागा शेजारी शेजारी पण वेगळी करा, खाली पांढरं किंवा फिकट कापड अंथरा आणि कोण काय करतं ते लिहून ठेवा. त्यांना एकमेकांचा वास येत राहील, आवाज ऐकू येईल, त्यामुळे ती घाबरणार नाहीत. ऊब मात्र दोघांना स्वतंत्र द्यावी लागेल.

आणि समजा काळ्याने खरोखरच शी केलेली नाही. तरी दिवस मोजून काढलेला निष्कर्ष अर्धाच असतो. वरच्या दुधावरची पिल्लं साधारण रोज एकदा शी करतात, काही दिवसातून दोन-तीनदा, आणि काही मध्येच एखादा दिवस चुकवतातही. खेळतंय, पितंय, वजन वाढतंय आणि एक दिवस शी नाही, याला मी आजार म्हणणार नाही. दुसरा दिवस पूर्ण होत आला की मात्र थांबायचं नाही, डॉक्टरांशी बोलायचं. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लांची शी घरातल्या माणसांच्या दृष्टीला सहसा पडतच नाही, कारण आई ती चाटून खाऊन टाकते. त्यामुळे ‘आमच्याकडे मांजर व्यायची तेव्हा असलं काही नव्हतं’ असं कुणी म्हणालं तर त्यांचं खोटं नसतं. त्यांच्या मांजरीने ते सगळं काम त्यांच्या नजरेआड केलेलं असतं.

आता कुंथण्याबद्दल. तुमच्या पत्रात कुंथणं आणि बद्धकोष्ठता हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत, आणि माझी खरी हरकत इथे आहे. पाठ वाकवून जोर लावणारं पिल्लू पाहिलं की आपल्याला पोट अडल्याचंच सुचतं. पण जुलाब झालेलं पिल्लूही कुंथतं, कारण आतड्याचा शेवटचा भाग सुजलेला असतो, पोट रिकामं झालं तरी कळ जात नाही. शू अडली तरी पिल्लू तसंच बसतं आणि तसंच ओरडतं, आणि शू अडणं हे शी अडण्यापेक्षा कितीतरी जास्त तातडीचं आहे. म्हणून कुंथताना पाहिलं की पहिली तपासणी ही करायची: ओल्या मऊ कापडाने पुसल्यावर शू येते का, आणि तिचा रंग काय आहे. जवळजवळ पाण्यासारखी फिकट असेल तर उत्तम. गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी पडतंय. मोठ्या मांजराची मानेवरची कातडी चिमटीत धरून पाण्याची कमतरता ओळखतात, ती रीत इतक्या लहान पिल्लात भरवशाची नसते. शूचा रंग आणि हिरड्यांचा ओलेपणा यांवर जास्त विसंबा. बोट लावल्यावर हिरडी चिकट, कोरडी लागली तर ती खूण गंभीर समजा.

त्याच वेळी शेपटी वर करून उजेडात नीट पाहा. मी हे आग्रहाने सांगते, कारण एकदा मी ते केलं नव्हतं. एका पिल्लाच्या पोटाला मी अख्खा दिवस हलक्या हाताने चोळत बसले होते. डॉक्टरांनी शेपटी उचलली, कोमट पाण्याचा बोळा दोन मिनिटं दाबून धरला आणि केसांना चिकटून वाळलेली शीची खपली अलगद सुटून आली. गुदद्वारच झाकलं गेलं होतं. पोटात काहीही अडलेलं नव्हतं. लांब केसांच्या पिल्लांत आणि आधी पातळ शी होऊन गेलेल्या पिल्लांत हे घडतं. वाळलेली खपली ओढून काढायची नाही, खालची कातडी सोलते. ती भिजवत राहायची.

शेपटीखाली आणखी एक गोष्ट दिसू शकते. आई नसलेली पिल्लं चोखण्याची भूक एकमेकांवर भागवतात. भावंडाच्या शू-शीच्या जागेलाच ती चोखतात, तिथे लाली आणि सूज येते, आणि मग दुखतं म्हणून किंवा सूज आली म्हणून पिल्लाला शू-शी होत नाही. काळ्याची ती जागा लाल, सुजलेली किंवा ओलसर दिसत असेल तर ठिपक्यावर लक्ष ठेवा, आणि दोघांना वेगळं झोपवण्याचं हे दुसरं कारण समजा. क्वचित एखाद्या पिल्लाला जन्मतः गुदद्वार अरुंद असतं किंवा नसतंच. तसं बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच लक्षात येतं, त्यामुळे आधी नीट शी करणाऱ्या तुमच्या पिल्लात ती शक्यता कमी आहे. पण ज्यांच्याकडे जन्मापासून शी न झालेलं पिल्लू आहे, त्यांनी एक तासही वाया घालवू नये. शेपूट नसलेल्या किंवा अगदी आखूड शेपटीच्या पिल्लांना मणक्याच्या टोकाच्या नसांमधल्या दोषामुळे कायमच हा त्रास असू शकतो. तिथेही घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत.

एवढं सगळं तपासून झाल्यावर मला वाटतं, तुमच्या काळ्याचा त्रास दोन साध्या गोष्टींतून सुरू झाला आणि तिसऱ्या गोष्टीने वाढला.

पहिली म्हणजे दाट दूध. पिल्लू हडकुळं दिसतं, त्याला जरा जास्त सकस मिळावं म्हणून एखादा चमचा पावडर वाढवावीशी वाटणं मला पूर्ण समजतं. पण पावडरच्या डब्यावर पाण्याचं जे प्रमाण दिलेलं असतं, ते पिल्लाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब धरून दिलेलं असतं. या वयात पिल्लू वेगळं पाणी पीत नाही; त्याचं सगळं पाणी दुधातून येतं. दूध दाट झालं की शरीर आपली पाण्याची गरज भागवायला मोठ्या आतड्यातून शक्य तेवढं पाणी परत ओढतं. मोठ्या आतड्याचं ते कामच आहे. शी जितका वेळ तिथे राहते तितकी ती कोरडी होत जाते, कोरडी झाली की पुढे सरकत नाही, आणि न सरकल्यामुळे आणखी कोरडी होते. पावडर मापाच्या चमच्याने, दाबून न भरता, सपाट करून घ्या. पाणी कपाच्या अंदाजाने न घेता सिरिंजने मोजा. गुठळ्या राहू देऊ नका. अंग धरायचं असेल तर ते योग्य दुधानेच धरतं, फक्त रोज थोडं थोडं धरतं.

इथे गाईच्या दुधाबद्दलही सांगून टाकते. मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिनं निम्म्याच्या आसपास असतात आणि त्यातली साखर पिल्लांना झेपत नाही. त्याने बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. हे माहीत असलेली काही माणसं उलटा विचार करतात: पोट अडलंय ना, मग थोडं गाईचं दूध पाजा, आपोआप सुटेल. असं करू नका. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब लागले तर त्याच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं, आणि जुलाबाने पिल्लं बद्धकोष्ठतेपेक्षा फार लवकर जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे पुसणं थांबवलं गेलं. तुम्ही लिहिलंय, ठिपक्याचं ट्रेमध्ये बसायला लागलं, तेव्हा दोघांचंही ओलं कापड बंद केलं. पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शू-शी करता येत नाही. आईची खरखरीत, ओली, उबदार जीभ तिथे फिरली की त्या स्पर्शाने आतली क्रिया सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हळूहळू ते पिल्लाच्या ताब्यात येतं, पण दोन भावंडांत ते एकाच दिवशी येत नाही. ठिपक्याला आलं, काळ्याला अजून यायचंय, इतकंच असू शकतं.

तेव्हा काळ्याचं पुसणं पुन्हा सुरू करा. मऊ सुती कापडाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळा. कापसाचे धागे चिकटून राहतात आणि कागदी रुमाल कातडीला घासतो, म्हणून मी कापडच वापरते. एका हातात पिल्लाला पोटाखालून आधार द्या, दुसऱ्या हाताने शेपटीखाली भरभर, पण पिसासारखे हलके हात फिरवा, जसं आई चाटेल तसे. आधी शू येते. बहुतेक माणसं शू आली की काम झालं समजून थांबतात. तिथे थांबू नका. शीला जास्त वेळ लागतो, एक मिनिट, कधी दोन. कापड गार झालं की पुन्हा कोमट करून घ्या, कारण गार स्पर्शाने पिल्लू आखडतं. दूध पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलू लागतं, म्हणून दूध पाजल्यानंतरची वेळ सगळ्यात चांगली. पुसण्याआधी पोटावर दोन बोटांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अगदी हलका गोल हात फिरवला तरी चालतो, मात्र नुकतंच टम्म दूध प्यायलेल्या पोटावर तो फिरवू नका, थोडा वेळ जाऊ द्या. कातडी लाल दिसली तर थांबा, पुढच्या वेळी करा. झाल्यावर कोरडं पुसा. ओलं पिल्लू गारठतं.

आणि तिसरी गोष्ट, जिने त्रास वाढवला. तुम्ही दूध निम्म्यावर आणलंत. ‘बाहेर पडत नाही तर आत कशाला ढकलायचं’ हा विचार वरवर बरोबर वाटतो, पण दूध कमी म्हणजे पाणी कमी, आणि पाणी कमी म्हणजे शी आणखी कोरडी. शिवाय पोट भरण्याने आतड्याला जी हालचाल मिळते तीही कमी झाली. तुम्ही लिहिलेलं चेंडूसारखं पोट दूध प्यायल्यानंतरचं आहे, आणि तसं ते व्हायलाच हवं, फक्त मऊ असायला हवं. पुढच्या वेळेपर्यंत ते उतरतं का, हे पाहा. हिशेबासाठी एक ढोबळ आकडा देते: दिवसभरात, म्हणजे २४ तासांत, दर ३० ग्रॅम वजनामागे साधारण ८ मिलि. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला ८० मिलिच्या आसपास, सहा-सात वेळांत वाटून. एका वेळी जठरात फार मावत नाही, दर १०० ग्रॅमला जेमतेम ४-५ मिलि. म्हणून एकदम जास्त पाजण्यापेक्षा वेळा वाढवणं बरं. तुमच्या डब्यावरचा तक्ता थोडा वेगळा सांगत असेल तर तो पाळा. आणि पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखं पाठीवर निजवू नका. पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईजवळ पीत असतं तसं धरा.

उबेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. खोक्यात एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आहे का, आणि दुसरी बाजू पिल्लाला उकडलं तर सरकता येईल अशी मोकळी आहे का? पिल्लू गारठलं की त्याचं आतडं मंदावतं, जवळजवळ थांबतंच. तसं पिल्लू दूध प्यायलं तरी ते पचत नाही, पोटात साचून राहतं, फुगतं. म्हणून गार पडलेल्या पिल्लाला कधीही आधी दूध पाजू नका. आधी हळूहळू ऊब, मग दूध. बद्धकोष्ठता म्हणून आलेल्या कितीतरी पिल्लांचं मूळ दुखणं गारठा असतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता घरातल्या सल्ल्यांकडे येते. देणाऱ्यांच्या मनात माया आहे, म्हणून त्यांना उत्तर देणं तुम्हाला अवघड जातंय, हे पत्रातून दिसतं. त्यांना माझं नाव सांगा.

एरंडेल नको. ते आतड्याला चेतवून कळा आणतं आणि पाणी बाहेर काढतं. एवढ्याशा शरीराला दोन्ही झेपत नाही. दुसरं कुठलं तेलही तोंडात सोडू नका. पिल्लू ते नीट गिळत नाही, थेंबभर श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसात उतरतं, आणि तेलाने झालेला न्यूमोनिया बरा करणं फार अवघड असतं. पॅराफिनचं औषधी तेल तर चवहीन असल्यामुळे पिल्लाला खोकलासुद्धा येत नाही आणि ते सरळ आत जातं. माणसांची पोट साफ करायची औषधं, लहान बाळांची असली तरी, नकोत. एनिमाबद्दल तर मी हात जोडून सांगते. माणसांसाठी दुकानात तयार मिळणाऱ्या काही एनिमांमध्ये सोडियम फॉस्फेट असतं. मांजरांच्या रक्तात त्यामुळे फॉस्फेट एकदम चढतं, कॅल्शियम उतरतं आणि जीव जातो. मोठी मांजरंही त्याने गेली आहेत. साबणाची चिपटी, थर्मामीटर, कापसाची काडी, यांतलं काहीही घरी आत सारायचं नाही. इसबगोलाला स्वतःला पाणी लागतं. पाणी कमी असलेल्या पोटात तो घट्ट गोळा होऊन बसतो. शिजवलेल्या लाल भोपळ्याचा गर खाणाऱ्या मांजरांना कधी उपयोगी पडतो, पण तो घन आहार सुरू झालेल्यांसाठी आहे, दूधपित्यांसाठी नाही. लॅक्टुलोज नावाचं औषध डॉक्टर देतात, ते चांगलं काम करतं, पण वजनावरून थेंब मोजून द्यावं लागतं. शेजारच्या मांजराला दिलेली बाटली घरात आहे म्हणून ते द्यायचं नाही.

आणि निसर्गावर सोडणं? मांजरीचा निसर्ग म्हणजे दिवसरात्र पिल्लांना कवेत घेऊन बसलेली, दर दोन-तीन तासांनी पाजणारी, प्रत्येकाला उलटं करून चाटणारी आई. ती इथे नाही. तिच्याशिवाय पिल्लाला तसंच ठेवलं तर त्याच्या वाट्याला निसर्गातलं फक्त एकटेपण येईल. तुम्ही हातात कापड घेता तेव्हा तिचंच काम करता.

मग करायचं काय? थांबून पाहणं, घरी प्रयत्न करणं आणि डॉक्टरकडे नेणं असे तीन रस्ते होते. थांबणं मला मान्य नव्हतं, कारण दोन दिवस आधीच होऊन गेले होते. पिल्लू उबदार होतं आणि पीत होतं, म्हणून दूध योग्य पातळ करून, पूर्ण मापाने पाजून, प्रत्येक वेळी नीट पुसून दोन-तीन पाजण्या पाहा, असं तुम्हाला कळवलं. पण त्याच्याच जोडीला, शी झाली तरी आणि नाही झाली तरी, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घ्या, असंही कळवलं होतं. हे ‘तरीही’ तुम्हाला खटकलं असेल, म्हणून त्याचं कारण सांगते.

मांजरीच्या पिल्लांना गोल जंत बहुतेकदा आईच्या दुधातूनच येतात. उघड्यावर जन्मलेल्या पिल्लांत ते नसतील असं समजणं धाडसाचं आहे. जंत फार असले तर पोट घागरीसारखं दिसतं, वजन वाढत नाही, कधी आतडं खरोखर अडतं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा देतात, प्रत्येक वेळी ताज्या वजनावरून. म्हणजे काळ्याच्या पोटाची तक्रार नसती तरी या आठवड्यात तुम्हाला दोघांना घेऊन जायचंच होतं. ‘इतक्याशा जिवाला डॉक्टर’ हा प्रश्न म्हणूनच मला उलटा वाटतो. जीव जितका छोटा, तितकी त्याच्याकडे शिल्लक कमी. मोठं मांजर दोन दिवस न खाता तग धरेल, पिल्लू तसं धरणार नाही.

जाताना दुधाचा डबा घेऊन जा. शी झाली असेल तर तिचा फोटो काढा, किंवा थोडी डबीत न्या, जंतांची तपासणी होते. किती पावडरला किती पाणी घालत होतात ते खरं खरं सांगा. त्यांना ते ऐकून राग येणार नाही, पण ते न कळल्यास निदान चुकू शकतं. डॉक्टर पोट चाचपून आत खडे आहेत की वायू आहे ते पाहतील. गरज पडल्यास कातडीखाली सलाईन देतील, गरज पडल्यास कोमट पाण्याचा छोटा एनिमा स्वतः देतील. त्यांच्या हातून तो सुरक्षित असतो.

थोडी मोठी, चार ते आठ आठवड्यांची पिल्लं असलेल्यांचीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी. तुमच्याकडे शी घट्ट होण्याचं मुख्य कारण बहुधा दुधावरून खाण्यावर झालेली घाईची बदली असतं. कोरडे दाणे एकदम सुरू केले, पिल्लाला अजून वाटीतून पाणी पिण्याची सवय नाही, आणि दुधातलं पाणी बंद झालं. ओलं खाणं कोमट पाण्यात पेजेसारखं सैल करून द्या, आणि ते हळूहळू, आठवडा-दोन आठवडे घेत घट्ट करत न्या. पाण्याची उथळ वाटी चौथ्या आठवड्यापासून ठेवा, ट्रेपासून लांब. ट्रेमध्ये ओलं होऊन गोळा बनणारी माती या वयात नको. पिल्लं सगळं तोंडात घालून पाहतात आणि तो गोळा पोटातही बनतो. ट्रेची कड उंच असेल, तो घाण असेल किंवा मोठ्या मांजराने तिथे हुसकावलं असेल, तर पिल्लू शी धरून ठेवतं, आणि धरून ठेवलेली शी कोरडी होते. आणि गुदद्वारातून दोरा, लोकर किंवा फीत लोंबताना दिसली तर ती ओढू नका, कापूही नका. आत ती आतड्याला कुठे अडकली आहे ते बाहेरून कळत नाही, आणि ओढल्यावर आतडं चिरलं जातं. तसंच डॉक्टरांकडे न्या, लगेच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हो ताई, दूध दाट करणं आणि पुसणं थांबवणं, या दोन गोष्टींनी त्रास झाला असणार. ‘तुमचं काहीच चुकलं नाही’ असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण पुढच्या पाजणीला पावडर कशी मोजायची ते कळणार नाही. या दोन्ही चुका एका दिवसात दुरुस्त होणाऱ्या आहेत, आणि त्या लक्षात आल्या त्या तुम्ही रात्र-रात्र जागून पाहत होतात म्हणूनच. कोण किती प्यायलं, कुणी कधी कुंथलं, हे तुमच्या पत्रात तासासकट होतं. पिल्लू जगवायला लागणारी नजर तुमच्याकडे आहे.

आता एक वही आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एवढंच जास्तीचं लागेल. रोज एकाच वेळी, दूध पाजण्याआधी, दोघांचं वजन घ्या. दिवसाला १० ते १५ ग्रॅमची वाढ अपेक्षित आहे. एक पूर्ण दिवस वजन जागचं हललं नाही तर लक्ष वाढवा, घटलं तर डॉक्टरांना फोन करा, मग शी झालेली असो वा नसो. काळ्याची पहिली शी आधी टणक, खड्यासारखी आणि मागोमाग मऊ येईल; त्याबरोबर जरासा शेंबडासारखा चिकट पदार्थ आला तर घाबरू नका. त्यानंतर रोजची शी पिवळसर आणि टूथपेस्टइतपत घट्ट असायला हवी. ती पांढरट, दह्यासारखी होऊ लागली तर दूध पचत नाहीये किंवा जास्त होतंय. काळी डांबरासारखी आली तर वाट पाहू नका.

काळ्याला स्वतःहून जमू लागलं की लगेच कापड बंद करू नका. सलग तीन-चार दिवस ट्रेमध्ये त्याची स्वतःची शी दिसू द्या. तोवर प्रत्येक पाजणीनंतर त्याला कोमट कापडाने पुसा आणि लगेच ट्रेमध्ये उभं करा, म्हणजे ती जागा कशासाठी आहे ते त्याच्या लक्षात येईल.